स्वभावाच्या चाचणीवरून कामाची वाटणी करावी काय?

प्रश्न : आमच्या बचत गटाचा तूरडाळीचा छोटा उद्योग आहे. प्रशिक्षणाला आलेल्या एका मार्गदर्शकांनी आमच्याकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घेतली व सोळा प्रकारांपैकी कोणाचा कोणता ते सांगितले. मी ‘अंतर्मुख’ निघाले, म्हणून विक्रीचे काम काढून मला हिशेबाच्या वहीवर बसवण्यात आले. दोन वर्षे आठवडी बाजारात डाळ मीच विकत होते. या चाचणीत कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सोळा प्रकार म्हणजे ती प्रश्नावली मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची असावी. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली मांडलेल्या विचारांच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ती घडवली. दोघींचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, पण केवळ तेवढ्यावरून मी ती मोडीत काढणार नाही.

खरी अडचण कळण्यासाठी कापूस खरेदी केंद्र आठवा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत येते, ११.८ आणि १२.२ यांतला फरक हाताला कळत नसला, तरी एकाचा कापूस घेतला जातो आणि दुसऱ्याचा नाही. खरेदीत कुठेतरी रेघ ओढावीच लागते; स्वभावाच्या बाबतीत मात्र तशी निकड नसते. अंतर्मुखताही ओलाव्यासारखीच कमी-अधिक असते आणि बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यातच सापडतात, तरीही ही चाचणी मधोमध रेघ ओढून त्यांना अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. त्यामुळे तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली, तर अनेकांचा प्रकार बदलतो, जसा सकाळी दवात वेचलेल्या कापसाचा आकडा दुपारच्या उन्हानंतर बदलतो. संशोधक हल्ली प्रकार न पाडता प्रामुख्याने पाच स्वभावगुणांच्या पट्ट्यांवर माणसाचे स्थान पाहतात, ते यासाठीच.

‘पण वर्णन तर अगदी माझेच होते’ असे गटातल्या कुणी म्हणेल. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये सर्व विद्यार्थ्यांना एकच मजकूर ‘तुमचे वर्णन’ म्हणून दिला, तेव्हा त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले होते.

तरीही बैठकीत गप्प राहणारी बाई रुसलेली नाही, ती विचार करून बोलणारी आहे, एवढे जरी ‘अंतर्मुख’सारख्या शब्दांमुळे गटाला उमगले, तरी बरेच गैरसमज टळतात. बाजारातून आल्यावर तुम्हांला घटकाभर एकटे बसावेसे वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगता येते. मात्र त्यावरून तुम्हांला विकता येत नाही, असे ठरत नाही. नोकरीसाठी माणसे निवडताना किंवा गाळताना ही चाचणी वापरू नये, असे ती चालवणारी संस्थाच सांगते. पुढच्या बैठकीत दोन वर्षांची विक्री आणि नंतरच्या महिन्यांची विक्री शेजारी-शेजारी मांडा. वही सध्या तुमच्याकडेच आहे.