परतीचं तिकीट कोणाच्या कामाचं?

परदेशातल्या कामाला जोडून चार दिवस फिरून आलो, सगळा खर्च धंद्यात टाकला, आता आयकर खात्याने विचारलंय. या आशयाची पत्रं येतच असतात. कधी लिहिणारे परिषदेला गेलेले डॉक्टर असतात, कधी सल्लागार, कधी कारखानदार. या वेळचे वाचक यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यवसाय करतात. फर्म एकट्याच्या मालकीची आहे आणि खात्यांचं टॅक्स ऑडिट होतं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ते पत्नीसह परदेशातल्या एका औद्योगिक प्रदर्शनाला गेले. सोमवारी निघाले. मंगळवार ते शुक्रवार प्रदर्शन, शनिवार-रविवार मोकळे, सोमवारी एका पुरवठादाराच्या कारखान्याला भेट. पुढचे मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस टूर पॅकेज घेऊन दोघं फिरले आणि शुक्रवारी परतले. बारा दिवसांचा दोघांचाही खर्च 'परदेश प्रवास' या एकाच ओळीत दाखवला गेला. छाननीची नोटीस आणि त्यामागून आलेली प्रश्नावली, दोन्ही जुन्या ई-मेलवर गेल्या म्हणून पाहिल्याच नाहीत. आता तिसरी नोटीस हातात आहे आणि उत्तराला सहा दिवस उरलेत.

त्यांचे प्रश्न तीन. प्रवास मुळात धंद्याचाच होता, मग सगळा खर्च का चालत नाही? पत्नी फर्मचे हिशेब पाहते, तिचा खर्च चालेल ना? आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, तर जुन्या वर्षाची ही भानगड आपोआप मिटते का?

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. नाही मिटत. त्या वर्षाला १९६१चाच कायदा लागू आहे आणि त्याखालची कामं नव्या कायद्याने बंद पडत नाहीत.

आता मूळ मुद्दा. कलम ३७(१) म्हणतं, खर्च 'पूर्णतः आणि केवळ' व्यवसायासाठी झालेला हवा आणि तो करदात्याचा वैयक्तिक खर्च नसावा. लोक ही दोन विशेषणं एका दमात वाचतात. 'पूर्णतः' हा शब्द रकमेबद्दल आहे, 'केवळ' हा हेतूबद्दल. हॉटेलचं बिल रात्रींप्रमाणे फोडता येतं, म्हणून तिथे 'पूर्णतः'चा वाद आकडेमोडीने सुटतो. विमानाचं तिकीट फोडता येत नाही. एकाच तिकिटावर तुम्ही प्रदर्शनालाही गेलात आणि फिरायलाही. हे तिकीट कशासाठी काढलं, एवढ्यावर तुमचं प्रकरण उभं आहे. बाकीचं सगळं कमी-जास्त करता येईल.

इंग्लंडमध्ये याच मुद्द्यावर एक निकाल झाला आणि त्यात हरलेला माणूस आमच्याच पेशातला, म्हणजे वकील होता. एक सॉलिसिटर वॉशिंग्टन आणि ओटावा इथल्या वकिलांच्या परिषदांना पत्नीला घेऊन गेला, त्यातच सुट्टी साधली आणि खर्च फर्मवर टाकला. 'बोडेन विरुद्ध रसेल अँड रसेल' या १९६५च्या निकालात तो खर्च नाकारला गेला. हेतू दोन होते, त्यातला एक सुट्टीचा, म्हणजे 'केवळ' ही अट मोडली. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही. पण अधिकाऱ्याला तुमचं अख्खं तिकीट नाकारायचं असेल तर त्याचा युक्तिवाद याच वाटेने येईल.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. पहिली, सर्वोच्च न्यायालयाचा 'ससून जे. डेव्हिड' खटल्यातला १९७९चा निकाल. खर्च व्यवसायासाठी केलेला असला की पुरे, तो अपरिहार्य होता हे दाखवावं लागत नाही, आणि त्यातून आणखी कोणाचा फायदा झाला म्हणून तो बाद होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. दुसरी गोष्ट फारसं कोणी वापरत नाही. आयकर नियम १९६२मधला नियम ३(७)(ii) नोकरदारांसाठी आहे. मालकाने दिलेल्या प्रवासाच्या सोयीचं मूल्य कसं काढायचं ते त्यात सांगितलं आहे आणि तिथे स्पष्ट वाक्य आहे: कार्यालयीन दौरा सुट्टी म्हणून लांबवला, तर फक्त त्या लांबवलेल्या काळाचा खर्च कर्मचाऱ्याचा लाभ धरायचा. मूळ दौऱ्याला हात लावायचा नाही. हा नियम तुम्हाला थेट लागू नाही, तुम्ही कोणाचे नोकर नाही. पण कामाचा दौरा नंतर लांबवला म्हणून तो मुळापासून सुट्टी ठरत नाही, हे याच कायद्याखालच्या नियमाने मान्य केलंय, एवढं तर तुम्ही म्हणू शकता. मी तुमचा वकील असतो तर उत्तराचा पहिला परिच्छेद इथूनच सुरू केला असता.

त्याच नियमात पुढची पाचर आहे. दौऱ्यावर घरचं माणूस सोबत नेलं, तर त्याचा खर्चही लाभातच मोजला जातो. म्हणजे हा नियम आधाराला घेतलात की पत्नीचा खर्च सोडावा लागेल. मी म्हणतो, सोडा. ती हिशेब पाहते हे खरं असेल, पण प्रदर्शनात हिशेबाचं काय काम होतं? पत्नीचा प्रवासखर्च मान्य करणारे निकाल आहेत आणि नाकारणारेही आहेत. मान्य झाले तिथे तिने तिथे नेमकं काय काम केलं, हे कागदावर होतं. तुमच्या पत्रात एवढंच आहे की 'सोबत असलेली बरी'. हे नवऱ्याचं म्हणणं झालं, व्यापाऱ्याचं नव्हे.

आता तारखा. तिकीट कशासाठी काढलं हे तुमच्या आजच्या प्रतिज्ञापत्रावरून ठरणार नाही. ते कागदांच्या क्रमावरून ठरेल. प्रदर्शनाची नोंदणी कोणत्या दिवशी केली, तिकीट कधी काढलं, टूर पॅकेज कधी घेतलं? नोंदणी आधी, तिकीट नंतर आणि पॅकेज सगळ्यात शेवटी असेल, तर हेतू तारखाच सांगतात. पॅकेज आधी आणि नोंदणी मागाहून असेल, तर तुम्ही सुट्टीला निघाला होतात आणि वाटेत प्रदर्शन लागलं, असं कोणीही म्हणेल. पत्रात तुम्ही एकही तारीख दिलेली नाही. निबंध लिहिलात, तारखा गाळल्यात. व्हिसाचा अर्ज शोधा. त्यात प्रवासाचा उद्देश काय लिहिला होता आणि आयोजकांचं निमंत्रणपत्र जोडलं होतं का, ते पाहा. पुरवठादाराशी आधी आणि नंतर झालेले ई-मेल काढा. सौदा झाला नसेल तरी बिघडत नाही, खर्चातून नफा झालाच पाहिजे अशी अट नाही.

मधल्या शनिवार-रविवारचा मुद्दा रंजक आहे. दोन्ही बाजूंना कामाचे दिवस असताना मधल्या दोन रात्रींसाठी कोणी घरी येऊन परत जात नाही. अमेरिकेत आयकराच्या हिशेबात असे कामाच्या दिवसांमध्ये अडकलेले शनिवार-रविवार कामाचेच धरले जातात. आपल्याकडे असं लिहिलेलं वाक्य नाही, म्हणून याला हक्क म्हणू नका, युक्तिवाद म्हणून मांडा. तुमच्या एकट्याच्या दोन रात्रींचं हॉटेल मागा. त्या दोन दिवसांतली स्थळदर्शनाची बिलं मात्र त्यात मिसळू नका.

मंगळवार ते गुरुवार सोडून द्या. तिथे लढायला काही नाही. खात्याला कळलं कसं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, आणि मला तुमच्या आश्चर्याचं. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला २०२० सालापासून टीसीएस, म्हणजे विकतानाच ग्राहकाकडून घ्यायचा आगाऊ कर, गोळा करावा लागतो; तुमच्या वर्षी तो कलम २०६सी(१जी) खाली होता. तो तुमच्या पॅनवर 'टूर पॅकेज' म्हणूनच नोंदला जातो. त्या टीसीएसचं क्रेडिट तुम्ही रिटर्नमध्ये घेतलंत, हे तुमच्याच पत्रात आहे. म्हणजे एका पानावर तुम्ही खात्याला सांगितलंत की मी सहलीचं पॅकेज घेतलं, आणि दुसऱ्या पानावर तोच पैसा धंद्याच्या खर्चात दाखवलात. यात गुप्तहेराची गरज कोणाला पडली असेल?

परतीच्या तिकिटावर खरं तर भक्कम बाजू मांडता आली असती. मंगळवारचं परतीचं भाडं शुक्रवारपेक्षा कमी नव्हतं हे दाखवलं असतं, तर सुट्टीमुळे तिकिटावर एक रुपयाही वाढला नाही, असं म्हणता आलं असतं. त्यासाठी बुकिंग करतानाचा एक स्क्रीनशॉट पुरला असता. तो आता मिळणार नाही. ट्रॅव्हल एजंटकडे तेव्हाचं दुसऱ्या तारखेचं कोटेशन ई-मेलमध्ये पडलेलं असेल, तर तेवढं विचारून पाहा.

तुमचं खरं नुकसान उशिरानं केलंय. छाननीची नोटीस येण्यापूर्वी अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक सुधारणारं उशिराचं रिटर्न भरून, कर आणि व्याजावर २५ टक्के जादा देऊन हे प्रकरण मिटवता आलं असतं. त्या वर्षाची छाननी सुरू झाल्यावर ती वाट बंद होते. 'ई-मेल पाहिला नाही' हे कारण चालत नाही. पोर्टलवर नोंदवलेला पत्ता तुम्हीच दिला होता. नोटिशीला उत्तर दिलं नाही तर कलम २७२ए खाली प्रत्येक कसुरीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. याही वेळी गप्प बसलात तर कलम १४४ खाली अधिकारी आपल्या अंदाजाने आदेश काढेल, आणि त्या अंदाजात तुमचं स्वतःचं तिकीटही वाचणार नाही. सहा दिवस कमी वाटत असतील तर मुदतवाढ आजच पोर्टलवर मागा, पण ती मिळेलच असं धरून चालू नका.

उत्तरात पत्नीचा सगळा खर्च आणि तीन दिवसांच्या पॅकेजची पूर्ण रक्कम स्वतःहून मागे घ्या, आकड्यांसह. हे पहिल्याच उत्तरात करा. अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर केलेल्या कबुलीला किंमत नसते. कलम २७०ए खाली उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड त्यावरच्या कराच्या ५० टक्के आहे. तोच प्रकार चुकीची माहिती देण्यात मोडला तर २०० टक्के. तथ्यं लपवणं आणि पुराव्याशिवाय खर्च मागणं, दोन्ही त्या दुसऱ्या कप्प्यात येतात. आधी सांगितलंत तर दंड टळेलच, अशी हमी मी देत नाही. पण लपवल्याचा आरोप तरी दुबळा होतो. पॅकेजच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेही उलटवा. तो वेगळा कायदा आहे आणि वेगळा ताप.

'नाहीतर अपील करू' असं तुम्ही सहज लिहून गेलात. अपील करा, पण कराच्या मागणीला स्थगिती हवी असेल तर तिचा काही भाग आधी भरावा लागतो. आणि पहिल्या अपिलाची सुनावणी कधी लागेल, हे मी माझ्या अशिलांनाही सांगू शकत नाही. अधिकारी समोर न येता ऑनलाइन चालणाऱ्या चेहराविहीन अपिलात आधी चेहरा गेला, आता तारीखही गेली आहे. तीन दिवसांच्या सहलीपायी एवढी वर्षं अडकायचं का, ते तुम्ही ठरवा. तुमच्या स्वतःच्या तिकिटासाठी मात्र मी लढलो असतो.

आणखी एक कागद उरतो, आणि त्याबद्दल पत्रात अक्षरही नाही. टॅक्स ऑडिटच्या फॉर्म ३सीडीमध्ये कलम २१(अ) आहे. नफा-तोटा पत्रकात टाकलेल्या वैयक्तिक खर्चाचा आकडा तिथे लिहायचा असतो. तुमच्या फॉर्ममध्ये बहुधा 'निरंक' लिहिलं असेल, कारण ते बारा दिवस कसे गेले हे तुम्ही सीएंना सांगितलंच नसणार. आता तुम्ही वैयक्तिक खर्च कबूल केलात की त्यांच्या सहीखालचं ते 'निरंक' चुकीचं ठरतं. त्यांना आजच फोन करा. तुमचं उत्तर अपलोड झाल्यावर ते त्यांना पोर्टलवर वाचायला मिळावं, ही वेळ त्यांच्यावर आणू नका.