वनस्पतीशास्त्र सोडून कवितेकडे?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतीशास्त्र. दर शनिवारी ती एका शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना झाडांच्या, पक्ष्यांच्या गोष्टी सांगते, त्यांच्याकडून कविता लिहून घेते. शाळेनेच बोलावलंय, पैसे मात्र देत नाहीत. आता म्हणते, मला आयुष्यभर हेच करायचंय, त्यासाठी बी.एस्सी. सोडून बी.ए. मराठीला जाते. यात पोट भरेल का? की हा छंदच राहू द्यावा?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

शाखा बदलावी का, याचं उत्तर एका शब्दात देतो : नाही. पोट भरेल का, हे सांगायला जरा वेळ लागेल.

आधी शाखेचं. मुलांना निसर्गावर कविता लिहायला सांगितली की पहिल्या दिवशी काय हाती येतं, हे तुमच्या लेकीला चांगलंच माहीत असेल. ‘झाडे लावा, झाडे जगवा’, हिरवीगार वनराई, झुळझुळ वाहणारा झरा. यात मुलांचा दोष नाही. भिंतीवरच्या घोषणा त्यांनी रोज वाचलेल्या असतात, झाडाजवळ मात्र पाच मिनिटं कुणी उभं केलेलं नसतं. ते उभं करणं हेच या कामातलं मुख्य काम. आणि मुलांना काय पाहा म्हणून सांगायचं, हे शिकवणारीला आधी ठाऊक असावं लागतं.

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्याची कविता घ्या. कवितेत सुगरण आपल्या पिलांसाठी खोपा विणते. प्रत्यक्षात विणकाम नराचं. पावसाळ्याच्या सुमारास तो गवताच्या पात्यांच्या लांब पट्ट्या सोलून आणतो, अर्धा खोपा विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत-बाहेर करून पाहणी करतात. एखादीला खोपा पसंत पडला तर तो खालची नळी विणून काम पुरं करतो. नाही पडला तर खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो आणि गडी दुसरा विणायला घेतो. हे ऐकल्यावर वर्ग कसा चेकाळतो ते तिला एकदा करून पाहू द्या. बहिणाबाईंची चूक काढायला हे सांगायचं नाही. त्या विणीतली कारागिरी त्यांनी जितक्या बारकाईने टिपली, तितकी फार थोड्यांनी टिपली असेल. कविता आधी मोठ्याने म्हणायची, मग नराची हकीकत सांगायची आणि मुलांना म्हणायचं, नापसंत ठरलेल्या खोप्याच्या मालकाच्या तोंडून चार ओळी लिहा. त्या चार ओळींत घोषणा येत नाही, यायला जागाच नसते. असा तास घ्यायचा तर कविताही माहीत हवी आणि पक्षीही.

उंबराचंही तसंच. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं आपण म्हणतो, पण कोवळं फळ चिरून भिंगाखाली धरलं की आत फुलंच फुलं. परागकण घेऊन आत शिरणारी चिलटाएवढी गांधीलमाशी त्या अरुंद तोंडातून जाताना बहुधा पंख गमावते आणि अंडी घालून आतच मरते. पाचवीच्या वर्गाला यापेक्षा चांगली गोष्ट कोणती सांगणार? हे तिला मराठीच्या वर्गात कुणी शिकवणार नाही. वृत्त, कथनशैली, वाचन हे सगळं पदवीनंतरही करता येतं. वनस्पतींची प्रात्यक्षिकं आणि अभ्याससहली एकदा सुटल्या की सुटल्या.

अमेरिकन निसर्गलेखिका रेचल कार्सन यांनी कॉलेजात प्रवेश घेतला तो इंग्रजी साहित्याला, मग जीवशास्त्राकडे वळल्या. लेखन सोडलं नाही. कीटकनाशकांवरचं त्यांचं १९६२ मधलं पुस्तक सुरू होतं तेच एका गोष्टीने : पाखरांचा आवाज थांबलेल्या एका काल्पनिक गावाच्या. डीडीटीची आकडेवारी त्यानंतर येते. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी वनखात्यातली अख्खी नोकरी करत रानावर लिहिलं.

आता पोटाचं. ‘पर्यावरण-कविता शिकवण्यासाठी शिक्षिका पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला कधीच दिसणार नाही. असं पदच नाही. हे काम दुसऱ्या नोकरीच्या पोटात शिरून करावं लागतं, आणि त्यातली सगळ्यात भरवशाची नोकरी शाळेतल्या शिक्षिकेची. बी.एस्सी. पूर्ण झाली की बी.एड.ची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, दोन वर्षांचं बी.एड., मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर, त्यात गणित-विज्ञान गट. बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायचा दुसरा विषय, मराठीची घेता येईल का, ते पदवीच्या विषयांवर ठरतं. प्रवेशाआधी कॉलेजात विचारून घ्या. शिक्षक भरती रखडते हे तुम्ही ऐकलं असेल, आणि ते खरं आहे. त्या काळात खासगी शाळा हाताशी धरावी लागते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा झालाय. बऱ्याच ठिकाणी तो तास ज्याचं वेळापत्रक मोकळं त्याच्या गळ्यात पडतो. तो हौसेने मागून घेणारी बाई मुख्याध्यापकांना नकोशी होणार नाही.

दुसरी वाट संस्थांची. १८८३ पासून काम करणारी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, १९८४ मध्ये अहमदाबादला सुरू झालेलं सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन, शिवाय लहान संस्था. तिथे मुलांसाठी शिबिरं घेणारे, साहित्य लिहिणारे लोक लागतात, आणि विज्ञानाची पदवी असून मुलांशी बोलता येणारं माणूस त्यांना सहज मिळत नाही. नेमणुका मात्र पुष्कळदा प्रकल्पापुरत्या असतात. स्वतंत्र कार्यशाळा, मुलांच्या मासिकांत लेखन हे सगळं करावं, पण पहिली काही वर्षं त्यावर घर चालवायचा बेत नको.

तिच्यासाठी एक सूचना. लहान मुलांना वितळणारे हिमनग आणि मरणारी अस्वलं सांगून रडवू नये. डेव्हिड सोबेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९६ मध्येच बजावलं होतं, की झाडापाण्याशी दोस्ती व्हायच्या आत संकटं समोर आणली तर मूल त्या विषयापासून तोंड फिरवतं. पाचवीत दोस्ती पुरे. नदीत काय सोडलं जातं आणि ते कोण सोडतं, याच्या गोष्टी आठवी-नववीत सांगाव्यात. तेव्हा त्या गुळमुळीतही नसाव्यात.

आणि शनिवारच्या वर्गाचं. तो फुकट घ्यायला माझी हरकत नाही, ती अजून शिकतेय. पण येण्याजाण्याचा खर्च मागायला तिने लाजू नये, आणि वर्ष संपताना शाळेच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र जरूर घ्यावं. मुलांच्या कवितांच्या प्रतीही, पालकांच्या परवानगीने, जपून ठेवाव्यात. मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाईल सगळेच आणतात. पहिल्या महिन्यातली कविता आणि सहाव्या महिन्यातली कविता शेजारी शेजारी ठेवणारी उमेदवार क्वचित येते.