भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमधले मत

आपण विचारले आहे की, ब्रिटनचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येते हे खरे आहे का, आणि येत असल्यास परक्या देशाच्या कारभारात असा कौल देताना मनाला काय वाटते. पहिल्या भागाचे उत्तर सरळ ‘होय’ असे आहे. दुसऱ्या भागासाठी मात्र थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

मी २०१३ साली नोकरीच्या व्हिसावर पीटरबरो या शहरात आलो. काही महिन्यांनी नगरपालिकेकडून मतदार नोंदणीचे पत्र आले, तेव्हा ते माझ्या आधीच्या भाडेकरूसाठी असावे असे समजून मी ते बाजूला ठेवले. कार्यालयातल्या एका इंग्रज सहकाऱ्याने सांगितल्यावर मी नियम वाचले, आणि राष्ट्रकुलातील कोणत्याही देशाचा प्रौढ नागरिक कायदेशीर परवान्यावर ब्रिटनमध्ये राहत असेल, तर विद्यार्थी असला तरी त्याला मताचा हक्क आहे, हे माझ्या लक्षात आले. गंमत अशी की, माझ्या व्हिसाच्या कार्डावर सरकारी भत्त्यांवर माझा कोणताही हक्क नाही असे ठळक छापलेले होते. म्हणजे बेकारभत्ता मागायचा नाही, पण तो किती असावा हे ठरवणारा खासदार निवडायचा.

याचे मूळ साम्राज्यात आहे. आपले आजोबा-पणजोबा कायद्याने ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रजाजनाला तिथल्या मतदानात परके मानले जात नसे. म्हणूनच मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून उभे राहू शकले आणि अवघ्या पाच मतांनी निवडून आले. भारत स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झाल्यावरही राष्ट्रकुलात राहायचे असे १९४९ साली ठरले, आणि हा हक्क तसाच पुढे चालत राहिला. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांच्या वाटेवर निर्बंध आले, परंतु येऊन स्थिरावलेल्याच्या हातची मतपत्रिका काढून घ्यावी असे कोणाला वाटले नाही. २००८ साली ब्रिटनचे माजी महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या अहवालाने हा हक्क हळूहळू संपवावा असे सुचवले होते; ते तसेच राहून गेले. भारत ब्रिटिश नागरिकाला असा हक्क देत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. जुनी गोष्ट कोणी मुद्दाम मोडत नाही, तोवर ती चालू राहते, हा ब्रिटिश कारभाराचा स्वभाव मला इथे प्रथम कळला.

या हक्काची खरी बोच लागली ती २३ जून २०१६ रोजी, युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे या सार्वमताच्या दिवशी. पीटरबरोमध्ये पोलंड आणि लिथुआनियाहून आलेली हजारो माणसे राहतात. आसपासच्या शेतांवर आणि भाजीपाला बांधणीच्या कारखान्यांत त्यांचे हात राबतात, आणि लिंकन रोडवर त्यांची दुकाने आहेत. माझी शेजारीण पोलंडची. ती माझ्या कितीतरी आधी इथे आली होती, कर भरत होती, तिची मुले इथल्या शाळेत होती. तिला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत होते, या सार्वमतात नव्हते. युरोपातील आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस या तीन देशांच्या लोकांनाच ते होते, आणि त्यांपैकी शेवटच्या दोघांना तर राष्ट्रकुलामुळे. मी तीन वर्षांचा पाहुणा असूनही चर्चच्या सभागृहात गेलो, नाव-पत्ता सांगितला (तेव्हा ओळखपत्र लागत नसे आणि बोटाला शाईही लावत नाहीत), आणि तिथे ठेवलेल्या पेन्सिलीने राहण्याच्या बाजूला फुली मारली. सकाळी निकाल आला तेव्हा देशात बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, तर आमच्या शहरात जवळजवळ ६१ टक्के मते पडली होती. त्या आठवड्यात शेजारणीशी बोलताना मला अपराध्यासारखे वाटले, वास्तविक मी तिच्याच बाजूने मत दिले होते.

आपल्याच काही लोकांनी उलट मत दिले, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडच्यांना व्हिसा सुलभ होईल, असा त्यांचा हिशेब होता; बाहेर पडण्याचा प्रचार करणाऱ्यांनी ‘करी हाउस (म्हणजे भारतीय उपखंडातल्या पदार्थांची उपाहारगृहे) वाचवा’ अशी मोहीमही चालवली होती. हिशेब काही काळ बरोबर ठरला. २०२३ च्या सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेले आणि त्यात भारतीय आघाडीवर होते. मग राजकारण नेमके त्यावर उलटले. २०२४ पासून व्हिसावर राहणाऱ्या बहुतेक प्रौढांना आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड अधिभार भरावा लागतो, आणि मे २०२५ मध्ये सरकारने कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट साधारणपणे दहा वर्षांची करण्याचा प्रस्ताव मांडला.

एका मताने काय होते, असे आपल्याला वाटेल. आमच्या मतदारसंघात २०१७ साली निकाल ६०७ मतांनी लागला, २०१९ च्या पोटनिवडणुकीत ६८३ मतांनी, आणि २०२४ मध्ये केवळ ११८ मतांनी. ती पोटनिवडणूकही साधी नव्हती. आमच्या खासदारांना वाहनाच्या वेगमर्यादेच्या प्रकरणात खोटे बोलल्याबद्दल शिक्षा झाली, आणि त्यांना परत बोलावण्यासाठी मतदारांच्या सह्या घेण्यात आल्या. दहा टक्के पुरेशा होत्या. सत्तावीस टक्क्यांहून अधिक मतदारांनी सह्या केल्या आणि अशा रीतीने पद गमावणाऱ्या त्या ब्रिटनच्या पहिल्या खासदार ठरल्या. त्या सह्यांत एक माझी होती. परक्या देशात इतके करावे का, असा विचार त्या टेबलापाशी आला होता. पण त्या माझ्याही खासदार होत्या.

हे सर्व असूनही मी नागरिकत्वाचा अर्ज केलेला नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे इथला पासपोर्ट घेतला तर साताऱ्याच्या मतदारयादीतले नाव जाईल. अनिवासी भारतीय म्हणून तिथे मत आहे, पण त्यासाठी स्वतः जावे लागते आणि माझे आजवर एकदाच जमले. पोलंडला दुहेरी नागरिकत्व चालते. शेजारणीने मध्यंतरी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि २०२४ साली संसदेसाठी पहिल्यांदा मत दिले. आता ओळखपत्र दाखवावे लागते. रांगेत तिच्या हातात नवा ब्रिटिश पासपोर्ट होता आणि माझ्या हातात भारतीय. टेबलावरच्या बाईंनी दोन्ही सारख्याच सहजतेने पाहून परत दिले.