ई सुन-शिनच्या रणभूमी बघायला निघण्याआधी

ई सुन-शिन म्हणजे सोळाव्या शतकात जपानी आरमाराला रोखणारा कोरियाचा नौदल सेनापती. सुरुवात उल्दोल्मोकपासून करा, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच. हेनाम आणि जिंदो यांच्यातली ही सामुद्रधुनी जेमतेम 300 मीटर रुंद. 1597 मध्ये इथे त्याच्या 13 जहाजांनी 133 जपानी युद्धनौका अडवल्या. पाणी स्थिर असताना पोहोचलात तर साधी खाडी दिसेल आणि काहीच उमगणार नाही. लढाई चांद्रमासाच्या 16 व्या दिवशी झाली, म्हणजे ऐन उधाणात. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन दिवस निवडा. प्रवाह उलटण्याआधी तासभर काठावर उभे राहा आणि तो फिरेपर्यंत हलू नका. सेनापतीने जागा आणि वेळ कशी हेरली, ते तिथेच कळतं.

हान्सान बेटासाठी तोंग्यंग बंदरातून फेरी मिळते. तिकिटाला पासपोर्ट लागतो, दाट धुक्यात फेऱ्या रद्द होतात. म्हणून एक दिवस राखीव ठेवा. 1592 मध्ये शत्रूला अरुंद ग्यन्नेर्यांग सामुद्रधुनीतून मोकळ्या समुद्रात ओढून क्रौंचपंखी व्यूहात घेरलं ते याच पाण्यात. नकाशावर दोन्ही जागा आधी खुणा करून न्या.

चिल्चनर्यांगची सामुद्रधुनी मात्र बहुतेकजण गाळतात. ई सुन-शिनच्या जागी नेमलेल्या वन ग्युनच्या हाताखाली जवळजवळ सगळं कोरियन आरमार तिथे बुडालं. नेतृत्व शिकायचं असेल तर हा पराभव आवर्जून बघा. तिथलं चिल्चन बेट मोठ्या कोजे बेटाला पुलाने जोडलेलं आहे, अर्धा दिवस पुरतो.