डायनॅमो फुकट फिरत नाही

विजेच्या गाड्या आणि सौरऊर्जेबद्दलच्या पत्रांत एक प्रश्न दर महिन्याला वेश बदलून येतो. या वेळी तो अकरावीतल्या एका मुलाने चित्र काढून विचारलाय, म्हणून जास्तीची जागा त्याला. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : काका, मला विजेच्या गाड्यांचं वेड आहे. मी एक आराखडा केलाय. मागच्या दोन चाकांना डायनॅमो, बोनेटवर छोटी पवनचक्की आणि टपावर सोलर पॅनेल. गाडी चालता चालता चार्ज होत राहील, प्लग लावायलाच नको. बाबा म्हणतात, असं होत नसतं. पण का होत नाही, ते सांगत नाहीत. तुम्ही सांगाल?

उत्तर : चित्र झकास आहे, फ्यूजसुद्धा दाखवायला विसरला नाहीस. तीनपैकी दोन गोष्टी खोड, एक ठेव.

कारण तुला बोटांनी कळेल. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घे. दोन्ही वायरी सुट्या ठेवून दांडा चिमटीत धर आणि फिरव. गरगर फिरेल. आता वायरींची उघडी टोकं एकमेकांना पीळ दे आणि पुन्हा फिरव. दांडा अडतो, बोटांना जोर लावावा लागतो. मोटर तीच, चिमूट तीच. फरक एवढाच, की आता आतून वीज वाहतेय, आणि वाहणारी वीज फिरवणाऱ्यालाच विरोध करते. लेन्झ या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये नियम म्हणून मांडलं ते हेच.

आता तुझं मागचं चाक बघ. डायनॅमोला काही जोडलं नाही तर तो हलका फिरेल, पण मग वीज कुठून मिळणार? बॅटरीला जोडलास की चाक जड होणार, आणि ते जड चाक ओढायला त्याच बॅटरीतून जादा वीज जाणार. मोटरीत दहाएक टक्के गळती, डायनॅमोत तेवढीच, बॅटरीत भरताना आणि काढताना आणखी थोडी. १०० युनिट या फेऱ्यात घातलेस तर ७५च्या आसपास हाती लागतील. डाव्या खिशातून उजव्या खिशात पैसे टाकायचे आणि मधल्या मधे पाव हिस्सा गळू द्यायचा, असला व्यवहार.

पवनचक्कीचंही तसंच. तो वारा निसर्गाने दिलेला नाही, गाडी धावते म्हणून लागतोय. पाती जेवढी वीज देतील त्याहून जास्त ती हवा अडवतील. आणि हवा हा आधीच गाडीचा मोठा शत्रू: वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती आठपट. हायवेवर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, का घसरते, याचं बरंचसं उत्तर एवढ्यात आहे.

तू विचारशील, मग ब्रेक लावल्यावर गाडी चार्ज होते ती कशी? तिथे आपल्याला थांबायचंच असतं, म्हणून डायनॅमोचा विरोध हवाहवासा होतो. एरवी ती ऊर्जा ब्रेक तापवण्यात गेली असती. पण हिशेब करून बघ. १५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तिच्या गतीत जेमतेम ०.०६ युनिट असतं. त्यातलं ७० टक्के परत मिळालं तर गाडी आणखी पावणेतीनशे मीटर जाईल. शहरात दर सिग्नलला हे होतं म्हणून फायदा दिसतो, मोकळ्या रस्त्यावर जवळपास शून्य. खरी कमाई घाट उतरताना. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली तर सुमारे २ युनिटांची ऊर्जा उपलब्ध असते, अर्थात सगळी हाती लागत नाही. म्हणून डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल तर रात्री बॅटरी १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत जागा नसते, आणि सकाळी उतारावर ते फुकटचं चार्जिंग तर जातंच, शिवाय ब्रेकवर सगळा भार येतो.

टपावरचं पॅनेल मात्र ठेव, कारण त्याची ऊर्जा बाहेरून येते. फक्त अपेक्षा आवर. टपावर दोन चौरस मीटर जागा मिळाली तर आजच्या चांगल्या पॅनेलचे ४०० वॉट बसतील. हा आकडा प्रयोगशाळेतला, म्हणजे पॅनेल २५ अंशांवर असतानाचा. टपावर ते सहज ६० अंशांच्या पुढे जातं, आणि प्रत्येक जादा अंशाला सिलिकॉन पॅनेल साधारण ०.३५ टक्का उत्पादन गमावतं. शिवाय ते आडवं, धुळीने माखलेलं, अर्धा दिवस झाडाच्या सावलीत. चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिट धर. मध्यम गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाते, म्हणजे तुला रोज १० किलोमीटर मिळाले. वाईट नाही! पण प्लग काढून टाकण्याइतकंही नाही. हेच पॅनेल घराच्या छपरावर योग्य कोनात बसवलं तर जास्त कमावेल.

नुसत्या उन्हावर धावणाऱ्या गाड्या आहेत, बरं का. ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड अशी ३००० किलोमीटरची शर्यत १९८७ मध्ये सुरू झाली. पहिली शर्यत जिंकणाऱ्या 'सनरेसर'ने ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास सरासरी वेग राखला होता. तिचे फोटो शोधून बघ: चपटा थेंबासारखा आकार, चालक जवळजवळ आडवा, वजन नावापुरतं. तिथे अडथळा कमी करून प्रश्न सोडवलाय. पुढचं चित्र काढशील तेव्हा काय जोडता येईल यापेक्षा काय काढून टाकता येईल ते बघ, आणि मला पाठव.

प्रश्न : माझ्या गाडीच्या पुस्तिकेत आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करा असं लिहिलंय. भाऊ म्हणतो, ८०च्या वर नेलंस तर बॅटरी खराब होईल. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, पुस्तिकेचं. भावाच्या गाडीत बहुधा निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी असेल. तिला रोज काठोकाठ भरणं मानवत नाही. तुमची लिथियम-आयर्न-फॉस्फेटची दिसते. तिच्या सेलचा व्होल्टेज चार्ज २० टक्के असो की ८०, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय हे गाडीलाही अंदाजानेच मोजावं लागतं. अगदी भरत आली की व्होल्टेज झपकन चढतो. तेव्हा कुठे गाडीला पक्की खूण सापडते आणि सगळे सेल एका पातळीवर आणता येतात. महिनोन्‌महिने ८०वरच थांबलात तर एखाद्या दिवशी काटा १५ टक्के दाखवत असताना गाडी मान टाकेल. मात्र पूर्ण भरून उन्हात आठवडाभर उभी करून गावाला जाऊ नका. गाडी घेऊन लांब निघणार असाल तर आदल्या रात्री भरा.

प्रश्न : पेट्रोलला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. विजेची गाडी हे नवं खूळ, चार दिवसांत उतरेल. तुम्ही उगाच लोकांना नादी लावता.

उत्तर : परंपरेचाच मुद्दा असेल तर ऐका. रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली गाडी विजेची होती. २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळचं आशेर, चालक कामिय झेनात्झी, वेग १०५.८८. बॅटऱ्या शिशाच्या, म्हणजे १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँतेने शोधल्या त्या जातीच्या. पुढे पेट्रोलने बाजी मारली त्याची कारणं अनेक. त्यातलं मला सगळ्यात गमतीचं वाटतं ते १९१२चं. तोवर इंजिन सुरू करायला समोर उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याच्या विजेच्या स्टार्टरने ही कटकट मिटवली. पेट्रोलची गाडी सोयीची झाली ती एका विजेच्या मोटरीमुळे! शिशाच्या वजनापुढे विजेची गाडी हरली होती. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि ते गणित बदललं. नादी लावल्याचा आरोप मान्य.

प्रश्न : हायड्रोजनच्या गाड्या येणार म्हणतात. थांबू का?

उत्तर : थांबू नका. विजेपासून हायड्रोजन करा, दाबून टाकीत भरा, गाडीत पुन्हा त्याची वीज करा. १०० युनिटांतले तिसेक चाकापर्यंत पोचतात. बॅटरीच्या वाटेने सत्तरच्या पुढे पोचतात. हायड्रोजनची खरी गरज खताला, पोलादाला. तिकडे जाऊ दे.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपचे सेल गोळा करून घरच्या सोलरसाठी बॅटरी बांधायची आहे. सोल्डरिंग उत्तम येतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवण्यापासून. त्याच्या उष्णतेने सेलचं आतलं सील दुखावतं. पट्ट्या जोडायला स्पॉट वेल्डर लागतो. त्याआधी आकडेमोड. १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ मिलिमीटर लांबीच्या त्या एका सेलमध्ये नवेपणी ९ वॉट-तास मावतात. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास, म्हणून १० युनिटांसाठी अकराशेच्या वर सेल, तेही वापरलेले, प्रत्येकाची कुवत वेगळी, आणि त्यातला एक बिघडला तरी आग घरात. मी हे घरासाठी करणार नाही, तुम्हीही करू नका. हौस भागवायला एक टॉर्च किंवा सायकलचा दिवा बांधा.

घरासाठी लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे मोठे सेल घ्या: २८० अँपिअर-तासाचे १६ सेल ओळीने जोडले की ५१ व्होल्ट आणि १४ युनिट होतात. बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट, हवंच. फ्यूज डीसीसाठीचा, म्हणजे बॅटरीतून एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठीचा घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही, पेटलेली ठिणगी लांबत जाते. नट आवळायच्या पान्याला मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, आणि पहिली जोडणी करताना शेजारी कोणीतरी जाणता माणूस उभा करा.