सात वर्षांच्या मुलीला पीसीडी असल्याचं निदान झालंय. मोठेपणी तिचं कसं होईल?

मी 36 वर्षांची आहे, लालबागला राहते आणि मलाही पीसीडी, म्हणजे प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशियाच आहे. करी रोडहून लोकल पकडून रोज नोकरीला जाते.

तुम्ही लिहिलंय की तीन सिरपं बदलली तरी खोकला थांबत नाही. तो थांबवू नका. श्वासनलिकांच्या आतून केसांहून बारीक तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सतत हलून धूळ, जंतू अडकलेला कफ वर ढकलतात. तुमच्या मुलीचे आणि माझे ते नीट हलतच नाहीत, मग कफ वर आणायला उरतो फक्त खोकला. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही. खोकला दाबणारं औषध पाजून ती मला झोपवायची आणि कफ आतच साचायचा. पुढे टीबी समजून सहा महिने गोळ्याही घेतल्या. हृदय उजवीकडे असल्याचं एक्स-रेत कधीच दिसलं होतं. पीसीडीच्या साधारण निम्म्या जणांचे अवयव असे उलट्या बाजूला असतात, पण माझ्या खोकल्याशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. निदान झालं 23व्या वर्षी, तोवर काही श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या होत्या. तुम्हाला सातव्या वर्षीच कळलं, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता सकाळ-संध्याकाळ सलाइनचा नेब्युलायझर, मग फिजिओथेरपिस्टने शिकवलेले श्वासाचे व्यायाम आणि बेडका काढणं. परीक्षा असो, गणपती असो, ते चुकवायचं नाही. मुलांना बाटलीतल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढायला लावतात, तिला आवडेल. खेळू द्या, पळू द्या. बेडक्याचा रंग बदलला की डॉक्टरांना विचारून तो तपासायला द्या. फ्लूची लस दरवर्षी.

लेडीज डब्यात मी खोकले की बायका पदर नाकाला लावतात. मी सांगते, "लागण होणारा नाही, जन्मापासूनचा आहे." तिलाही हे सांगायला आत्तापासून शिकवा.

गर्भनलिकेतही सिलिया असतात, त्यामुळे मूल होताना अडचण येऊ शकते. मला आली. ती मोठी झाल्यावर हे तिला तुम्हीच सांगा, लग्न ठरताना तिला ते बाहेरून कळू देऊ नका.

आणि कान तपासून घ्या. मी शाळेत लक्ष देत नाही म्हणून ओरडा खायचे, प्रत्यक्षात पडद्यामागे पाणी साचून मला कमी ऐकू येत होतं. बाईंना सांगून तिला पहिल्या बाकावर बसवा.