मुलीचा एक खांदा वर दिसतोय, दप्तरामुळे का?

प्रश्न: डॉक्टर, मुलगी १२ वर्षांची आहे. दिवाळीचा ड्रेस शिवायला टाकला तेव्हा टेलरताई म्हणाल्या हिचा उजवा खांदा वर आहे. एक्स-रेत स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला बाक, १८ डिग्री आलंय. सासूबाई म्हणतात दप्तराच्या ओझ्याने झालं. माझंच लक्ष कमी पडलं का?
- एक आई, सातारा

उत्तर: ताई, तुमचं काहीएक चुकलेलं नाही. जड दप्तराने पाठ दुखते, खांदे भरून येतात, ते ओझं कमी करायलाच हवं, पण त्याने असा बाक येत नाही. या वयातल्या बहुतेक मुलींमध्ये नेमकं कारण सापडतच नाही, घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते एवढंच.

तसं पाहिलं तर थोडा बाक प्रत्येकाच्याच कण्याला असतो. मागून बघितला तर सरळ, पण बाजूने बघा, मानेत पुढे, छातीमागे मागे आणि कमरेत परत पुढे. जन्मतः बाळाची सगळी पाठ मागच्या बाजूला गोल असते, ३-४ महिन्यांत बाळ मान धरायला लागलं की मानेचा बाक येतो आणि बसायला, उभं राहायला लागलं की कमरेचा. हे बाक हवेतच, चालता-पळताना धक्का तेच झेलतात.

तुमच्या मुलीचा बाक डावी-उजवीकडे आहे आणि त्यात मणके थोडे पिळले जातात, त्यांच्यासोबत बरगड्याही फिरतात. तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून ओणवं व्हायला सांगा, तुम्ही मागे बसून पाठीच्या लेव्हलला नजर ठेवा, एका बाजूला उंचवटा दिसेल.

१० डिग्रीपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात, म्हणजे १८ तसं सौम्यच. वाढ बाकी असेल तर साधारण २५ नंतर ब्रेस (कण्याला आधार देणारं कडक जॅकेट) देतात, ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो. पण मी आकड्याआधी विचारते, पाळी सुरू झाली का आणि सहा महिन्यांत उंची किती वाढली, कारण उंची झपाट्याने वाढते तेव्हाच बाकही वाढायची भीती असते. म्हणून दर ४-६ महिन्यांनी तपासणी, परीक्षा आहे, लग्न आहे म्हणून ती अजिबात पुढे ढकलू नका. ऑनलाइन मिळणारे पाठ ताठ करायचे पट्टे घेऊ नका, ब्रेस मापाने बनवतात आणि तो दिवसाचे बरेच तास घालावा लागतो, तरच उपयोग.

खो-खो, पोहणं, सायकल, सगळं चालू दे. टेलरताईंना फिटिंग थोडं ॲडजस्ट करायला सांगा, आणि त्यांचे आभारही माना, त्यांच्यामुळे वेळेत कळलं.